विश्लेषण : राख बंधाऱ्याची वार्षिक तपासणी होते, तरीही तळी का फुटतात?

१६ जुलै २०२२ रोजी नागपूरजवळच्या खसाळा येथील राख बंधारा फुटला. कोराडी औष्णिक वीज केंद्राची राख साठवणाऱ्या या तळ्यातले करडे पाणी आसपासच्या गावांच्या शिवारात पसरले आणि नाल्यांवाटे पुढे नदीपर्यंत गेले. त्या दिवसांत पाऊस जोरात होता, त्यामुळे कारण म्हणून साहजिकच अतिवृष्टीकडे बोट दाखवले गेले. पण विदर्भात जुलैमध्ये पाऊस पडणार, हे बांध घालणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. बांध कमकुवत होतो आहे का, हे फुटण्याआधी कळावे म्हणूनच राख तळ्याची वर्षातून एकदा अभियांत्रिकी तपासणी करायची असते. या तपासणीत नेमके काय पाहतात, काय सुटते आणि तिचा अहवाल शेवटी कोणाच्या हाती पडतो?

राख पाण्यात का साठवतात?

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारण ३० ते ४५ टक्के असते. ढोबळ हिशेब करून पाहता येईल. १,००० मेगावॅटचे केंद्र ८० टक्के क्षमतेने चालले आणि एका युनिट विजेला ७०० ग्रॅम कोळसा लागला, तर दिवसाला १३ हजार टनांहून अधिक कोळसा जळतो. त्यात ३५ टक्के राख धरली तर साडेचार हजार टनांहून जास्त राख उरते. हे एका दिवसाचे झाले. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि शेजारच्या खापरखेड्याची क्षमता १,३४० मेगावॅट आहे.

या राखेचा साधारण ८० टक्के भाग म्हणजे धुराबरोबर वर जाणारी बारीक फ्लाय अॅश. ती धुरांड्याआधीच पकडली जाते आणि कोरडी असताना सिमेंट कारखान्यांना, विटांसाठी देता येते. बाकीची जाडसर राख बॉयलरच्या तळाशी पडते. जी राख उचलली जात नाही ती पाण्यात कालवून पाइपातून तळ्यात सोडतात. तिथे राख खाली बसते, वरचे निवळलेले पाणी एका मनोऱ्यातून काढून केंद्राकडे परत पाठवले जाते. राख उडू नये आणि पंपाने दूर ढकलता यावी, म्हणून ही पद्धत सोयीची ठरली. धोकाही याच पाण्यात आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २७ कोटी टन राख निर्माण झाली आणि तिच्यापैकी जवळपास ९६ टक्के वापरली गेली. आकडा वाचून तळ्यांचा प्रश्न संपला असे वाटू शकते. पण उरलेले चार टक्के म्हणजेच एक कोटी टनांहून जास्त राख, आणि तीही फक्त एका वर्षाची. शिवाय आधीच्या कित्येक दशकांची राख तळ्यांत साचून आहेच.

बांध राखेवरच उभा असतो?

पुष्कळ ठिकाणी, हो. पाण्याचे धरण एकदाच पूर्ण उंचीचे बांधतात. राख बंधाऱ्याचे तसे नसते. सुरुवातीला माती-मुरुमाचा एक बांध घालतात. तो भरत आला की त्यावर आणखी काही मीटरचा थर चढवतात, मग आणखी एक. हा नवा थर स्वस्तात पडावा म्हणून तो तळ्याच्या आतल्या बाजूला सरकवून, आधी बसलेल्या राखेवर टेकवला जातो. म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्याचा पाया जमिनीवर नसून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या राखेवर असतो.

राख कोरडी असेल आणि नीट दाबलेली असेल तर हे चालते. पण पाण्याने भरलेली, सैल राख अचानक हादरली किंवा तिच्यावर वजन वाढले, तर कणांमधल्या पाण्याचा दाब वाढून ते कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. क्षणापूर्वी घट्ट दिसणारी राख पातळ पिठल्यासारखी वाहू लागते. म्हणूनच राख तळ्याच्या सुरक्षेत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच : बांधाच्या पोटात पाणी किती उंचीवर आहे?

तपासणीच्या दिवशी अभियंता काय पाहतो?

तपासणी म्हणजे मुख्यतः चालणे. बांधाच्या माथ्यावरून आणि मग पायथ्यावरून, संपूर्ण लांबीभर. माथ्यावर पाहायच्या त्या भेगा आणि खचलेल्या जागा. बांधाला समांतर गेलेली लांब भेग वाईट, कारण उतार सरकायला लागल्याची ती खूण असू शकते. उतारावर पावसाने पाडलेल्या घळी, फुगवटे, उगवलेली झाडे पाहायची. झाड दिसायला बरे. पण त्याची मुळे कुजली की आत पाण्याला आयती वाट मिळते. प्राण्यांची बिळेही नोंदवायची असतात. २०१९ मध्ये चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटले तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले आणि राज्यभर हसे झाले. बिळे हा तपासणीच्या यादीतला खरा मुद्दा आहे, हेही तितकेच खरे. मात्र बिळे दिसणे आणि ती वेळेवर बुजवणे ही माणसांचीच जबाबदारी असते.

पायथ्याशी पाझर पाहतात. प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतोच. त्यासाठी आत वाळूचे आणि दगडांचे गाळणथर आणि पायथ्याशी चर ठेवलेला असतो. पाणी स्वच्छ आणि प्रमाण स्थिर असेल तर चिंता कमी. पाणी गढूळ येऊ लागले, किंवा करडे झाले, की त्याचा अर्थ बांध आतून वाहून जाऊ लागला. गेल्या वर्षी कोरडी असलेली जागा यंदा ओली दिसली, हेही तितकेच गंभीर. आणि पाझर अचानक बंद झाला तर? तीही चांगली बातमी नव्हे. गाळणथर बुजून पाणी आत तुंबत असण्याची शक्यता असते.

मग मोजमापे. बांधात जागोजागी पिझोमीटर नावाच्या नळ्या सोडलेल्या असतात. त्यांना बांधातल्या अरुंद विहिरी म्हणता येईल. त्यांतली पातळी म्हणजे बांधाच्या पोटातल्या पाण्याची पातळी. ती वर्षभरात कुठपर्यंत चढली होती हे पाहायचे. तळ्यातले पाणी आणि बांधाचा माथा यांच्यात किती अंतर मोकळे आहे, हेही मोजायचे. या मोकळ्या अंतराला फ्रीबोर्ड म्हणतात. १०० हेक्टरच्या तळ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर पाणी वाढते. नदीवरच्या धरणासारखा वरून पूर येत नाही, त्यामुळे हा हिशेब आधी मांडता येतो. अडचण येते ती पाणी काढणारा मनोरा तुंबल्यावर, किंवा जागा पुरत नाही म्हणून राख फ्रीबोर्डमध्येच भरत गेल्यावर.

यातले बहुतेक निरीक्षण एका वर्षाचे असेल तर त्याला फारसा अर्थ नसतो. ओल आहे, एवढ्याने काही कळत नाही. गेल्या वर्षीपेक्षा ती दोन मीटर वर सरकली आहे, याने सगळे कळते. तपासणी करणारी संस्था दरवर्षी बदलली, जुने नकाशे मिळाले नाहीत आणि निम्मे पिझोमीटर बंद पडले असले, तर अहवाल जाड होतो आणि उपयोग पातळ.

तपासणी झाली, आणि दोन महिन्यांनी तळे फुटले

याचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन वीज केंद्राच्या राख तळ्याची भिंत सरकली. सुमारे ४१ लाख घनमीटर राख-पाण्याचा चिखल एमोरी नदीत आणि आसपासच्या ३०० एकरांवर पसरला. त्या रात्री कोणी दगावले नाही, पण घरे उद्ध्वस्त झाली आणि सफाईचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. सफाईला लागलेल्या कामगारांच्या आजारपणाचे खटले पुढे अनेक वर्षे चालले.

केंद्र टेनेसी व्हॅली अॅथॉरिटी म्हणजे टीव्हीए या सरकारी संस्थेचे. धरणे बांधण्यात या संस्थेचा हात धरणारे कमीच. किंग्स्टनच्या राख तळ्याची वार्षिक तपासणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाली होती. त्याआधी २००३ आणि २००६ मध्ये याच बांधातून पाणी फुटून बाहेर आले होते आणि डागडुजीही झाली होती. म्हणजे माणसे बांधावर गेली नाहीत असे नव्हे.

तज्ज्ञांच्या चौकशीत कारणांची साखळी पुढे आली : तळाशी अतिशय बारीक, कमकुवत गाळाचा थर, त्यावर सैल आणि ओली राख, वाढत गेलेली उंची आणि ढिगाचा आकार. तळाचा तो थर बांधावर कितीही वेळा चालले तरी दिसणार नव्हता. तो शोधायला भोके पाडून नमुने काढावे लागतात आणि स्थिरतेचे गणित नव्याने करावे लागते.

टीव्हीएच्याच महानिरीक्षक कार्यालयाने त्यापुढचे बोट ठेवले. आधी सुचवलेल्या उपाययोजना केल्या असत्या तर ही दुर्घटना कदाचित टळली असती, असे त्याच्या २००९ च्या अहवालाने म्हटले. राख तळी संस्थेच्या धरण सुरक्षा कार्यक्रमात धरलेलीच नव्हती. वीज केंद्रांत राखेकडे धोका म्हणून पाहिले जात नव्हते, कचरा म्हणून पाहिले जात होते. धरणाला एक नियम आणि राखेच्या तितक्याच उंच बांधाला दुसरा, ही विभागणी तिथे महागात पडली.

बांध शाबूत, पाइप फुटला

सुमारे पाच वर्षांनी आणखी एक धडा मिळाला. २ फेब्रुवारी २०१४ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या डॅन रिव्हर केंद्राच्या तळ्याखालून गेलेला ४८ इंची पन्हाळी पत्र्याचा पाइप कोसळला. सुमारे ३९ हजार टन राख त्या पाइपातून थेट डॅन नदीत गेली. बांध जागेवर होता. केंद्रातली कोळशावरची वीजनिर्मिती तर २०१२ मध्येच बंद झाली होती. चिमणी थंड झाली तरी तळे जिवंतच राहते, हे इथे दिसले.

त्या पाइपात कॅमेरा सोडून पाहणी करावी अशी मागणी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी आधी केली होती. खर्च सुमारे २० हजार डॉलर. ती नाकारली गेली, हे पुढे न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. २०१५ मध्ये ड्यूक एनर्जीच्या कंपन्यांनी गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाईपोटी १०.२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

मग अमेरिकेने नियमात काय आणले?

एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कोळशाच्या राखेसाठी देशव्यापी नियम प्रसिद्ध केला. वार्षिक तपासणीला त्यात एका मोठ्या साखळीतली एक कडी केले आहे. प्रशिक्षित व्यक्तीने दर सात दिवसांत एकदा बांध पाहायचा. पिझोमीटरसारख्या उपकरणांची नोंद दर ३० दिवसांत घ्यायची. वर्षातून एकदा परवानाधारक व्यावसायिक अभियंत्याने तपासणी करून सही करायची. त्याच्या अहवालात गेल्या तपासणीपासून बांधाचा आकार कसा बदलला, उपकरणांची कमाल नोंद किती, पाणी आणि राख किती खोल, क्षमता किती उरली, कमकुवतपणाच्या खुणा कोणत्या, हे सगळे यायलाच हवे. म्हणजे तुलना नियमातच बसवली आहे.

दर पाच वर्षांनी स्थिरतेचे गणित नव्याने मांडायचे. तळे कमाल पातळीला दीर्घकाळ भरलेले असताना सुरक्षा गुणांक किमान १.५० हवा. सोप्या भाषेत, बांध सरकवू पाहणाऱ्या जोराच्या दीडपट जोर त्याला धरून ठेवणारा हवा. भूकंपात हा आकडा किमान १.०० आणि बांधाची माती पातळ होण्याचा धोका असेल तिथे १.२० ठेवला आहे.

अभियंत्यांच्या दृष्टीने हे आकडे महत्त्वाचे. गावांच्या दृष्टीने त्याच नियमातली दुसरी अट अधिक मोलाची. हे अहवाल कंपनीने सर्वांना पाहता येतील अशा संकेतस्थळावर टाकायचे. नदीकाठी राहणारा कोणीही गेल्या वर्षीचा आणि यंदाचा अहवाल शेजारी ठेवून वाचू शकतो. नियमात पळवाटा राहिल्याच. बंद केंद्रांवरची सोडून दिलेली तळी सुरुवातीला त्यातून सुटली होती. २०१८ मध्ये न्यायालयाने ती सूट रद्द ठरवली आणि त्यांच्यासाठीचा नियम यायला २०२४ उजाडले.

भारतात नियम आहे का?

आहे, आणि तो फार जुना नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने राख तळ्यांच्या वार्षिक प्रमाणीकरणाची तरतूद केली. तळे आणि बांध यांची तांत्रिक मानके केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाशी सल्लामसलत करून ठरवायची आणि प्रमाणीकरणाची पद्धतही त्यातच सांगायची. नव्या आणि चालू केंद्रांना तात्पुरत्या राख तळ्यासाठी मेगावॅटमागे ०.१ हेक्टर इतकीच जागा, हे बंधनही त्यातलेच.

मात्र या वार्षिक प्रमाणपत्रात काय काय येते ते पाहा : बांधाची सुरक्षा, प्रदूषण, शिल्लक क्षमता, राख टाकण्याची पद्धत, पाण्याचा वापर, पाण्याचा पुनर्वापर आणि हरितपट्टा. भिंत टिकेल की नाही आणि झाडे लावली की नाही, हे दोन प्रश्न एकाच कागदावर आले आहेत. अधिसूचनेचा मुख्य भर राख किती वापरली यावर आहे. न वापरलेल्या राखेला टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरली आहे. राख जितकी कमी साचेल तितके बरे, हे खरेच. पण वापराचा आकडा सुधारला म्हणून जुन्या बांधाची ताकद वाढत नाही.

दुसरीकडे धरण सुरक्षा कायदा, तोही २०२१ चाच. त्यात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे, राज्य पातळीवर स्वतंत्र यंत्रणा आहे. परंतु धरण म्हणजे नदी किंवा उपनदीवर पाणी अडवण्यासाठी वा वळवण्यासाठी घातलेला बांध, अशी त्याची व्याख्या. माळरानावर चारही बाजूंनी वेढा घालून केलेले राख तळे या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. किंग्स्टनमध्ये जी फट संस्थेच्या आत होती, ती इथे दोन कायद्यांच्या मध्ये आहे.

पाऊस हेच कारण?

मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यात आठ महिन्यांत तीन राख बंधारे फुटले : ऑगस्ट २०१९ मध्ये एस्सारच्या महान केंद्राचा, ऑक्टोबरमध्ये एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्राचा आणि १० एप्रिल २०२० रोजी रिलायन्सच्या सासन केंद्राचा. सासनमध्ये सहा जणांचा जीव गेला, त्यात तीन मुले होती.

तारखा पाहण्यासारख्या आहेत. सासन एप्रिलच्या उन्हात फुटले. विंध्याचल ऑक्टोबरात. किंग्स्टन डिसेंबरात, डॅन रिव्हर फेब्रुवारीत. या लेखात आलेल्या सहा घटनांपैकी भर पावसाळ्यातल्या दोनच, महान आणि खसाळा. किंग्स्टनलाही आधी पाऊस झाला होता आणि सुरुवातीला बोलबाला त्याचाच झाला. चौकशीनंतर तळाचा गाळ पुढे आला. पाऊस बांधाची परीक्षा घेतो, यात वाद नाही. पण त्याला कारण ठरवले की पिझोमीटरच्या नोंदी कोणी पाहिल्या, फ्रीबोर्ड किती उरला होता आणि मागच्या अहवालातल्या कोणत्या शिफारशी बाकी होत्या, हे विचारायचे राहून जाते.

गावाच्या हाती काय येते?

नागपूर परिसरात राखेचा प्रश्न खसाळ्याच्या आधीपासून पेटलेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नांदगावला भेट दिली आणि खापरखेडा केंद्राच्या तिथल्या तळ्यात राख सोडणे थांबवायला सांगितले. त्यानंतर पाच महिन्यांनी, दुसऱ्याच तळ्याचा बांध फुटला.

अधिसूचनेनुसार लेखापरीक्षणाचा अहवाल दरवर्षी ३० नोव्हेंबरपर्यंत केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे जायचा आहे. तो बांधाच्या खालच्या अंगाला असलेल्या ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचवण्याची वेगळी अट त्यात दिसत नाही. गावाने तो माहिती अधिकारात मागता येतो. मागताना नुसते प्रमाणपत्र मागून भागत नाही. पिझोमीटरच्या वर्षभराच्या नोंदी, पावसाळ्याआधी मोजलेला फ्रीबोर्ड, बांधाची उंची शेवटची कधी वाढवली आणि त्या वेळी केलेले स्थिरतेचे गणित, मागील दोन वर्षांच्या शिफारशी आणि त्यांवरची कार्यवाही, एवढे मागावे लागते. पायथ्याशी शेत असलेल्या माणसाला तर कागदाआधीच काही गोष्टी दिसतात. चराचे पाणी करडे झाले, कोरड्या बांधावर एका पट्ट्यात लव्हाळे उगवले, विहिरीची पातळी उन्हाळ्यात कारण नसताना वाढली, की तारखेसह फोटो काढून लेखी कळवणे शहाणपणाचे.

अमेरिकी नियमात एक छोटे कलम आहे. जे तळे फुटले तर जीवितहानी किंवा मोठे नुकसान होऊ शकते, त्याच्या मालकाने आपत्कालीन आराखडा तयार ठेवायचा आणि स्थानिक बचाव यंत्रणेबरोबर वर्षातून एकदा समोरासमोर बैठक किंवा सराव करायचा. रात्री दोन वाजता बांध सरकला तर पहिला फोन कोणी, कोणाला करायचा, हे त्या बैठकीत ठरते.